दोघांची गाडी, गावाची करमणूक

एमजीबी ही दोन आसनांची, उघडी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. १९६२ ते १९८० या काळात ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात तयार होत असे. उघडी आणि बंद टपाची अशी दोन्ही रूपे धरून पाच लाखांहून अधिक गाड्या त्या कारखान्यातून बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बहुतेक बोटीत चढून अमेरिकेला गेल्या. नावातली 'एमजी' ही अक्षरे 'मॉरिस गराजेस' या ऑक्सफर्डमधल्या मोटारींच्या दुकानाची. दुकान विल्यम मॉरिस यांचे. १९२२ मध्ये त्याचे व्यवस्थापक झालेले सेसिल किंबर मॉरिसच्या पापभीरू गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवून विकू लागले. थोडक्यात, या घराण्याचा मूळ व्यवसायच सालस गाडीला नटवून गावभर मिरवण्याचा होता, आणि शंभर वर्षांनंतरही एमजीचे मालक तेच करतात.

इंजिन १७९८ सीसीचे, ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती, कार्बोरेटर दोन. कमाल वेग ताशी शंभर मैलांच्या थोडा पुढे, आणि शून्यापासून साठ मैलांवर जायला साधारण बारा सेकंद. १९६२ साली ही मर्दुमकी होती. आज भाजी आणायला निघालेली एखादी हॅचबॅक सिग्नल सुटल्यावर तिला सहज मागे टाकते आणि आपण कुणाला मागे टाकले याचा हॅचबॅकवाल्याला पत्ताही नसतो. तरीही एमजीबीत बसलेल्याला आपणच वाऱ्यावर स्वार आहोत असे वाटते. बसणाऱ्याचे बूड रस्त्यापासून फार तर दीड वीत वर असते, शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकाचे नट त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात आणि चाळीस मैलांचा वेग ऐंशीचा भासतो. वेगाची हौस आणि वाहतूक पोलीस यांच्यात इतका सोयीस्कर समझोता दुसऱ्या गाडीत सापडणे कठीण.

मराठी वाचकाला हे इंजिन तसे नात्यातलेच. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरिज' या कुळातले ते दांडगे भावंड. याच कुळातले १४८९ सीसीचे इंजिन १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या आधीच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये होते, मॉरिस ऑक्सफर्ड या सरळमार्गी कुटुंबवत्सल गाडीत होते, आणि ऑक्सफर्डचे साचे कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला आल्यावर यथावकाश ॲम्बॅसिडरमध्येही बसले. म्हणजे लंडनच्या तरुणाला त्याच्या मैत्रिणीपर्यंत पोचवणारे आणि महाराष्ट्रात पालकमंत्र्यांना उद्घाटनापर्यंत पोचवणारे, ही दोन्ही इंजिने एकाच आईची लेकरे. एकाला दोन कार्बोरेटर मिळाले, दुसऱ्याला लाल दिवा. जिल्ह्याच्या ठिकाणी आयुष्यभर सरकारी ॲम्बॅसिडरची दुरुस्ती केलेल्या मिस्त्रीला एमजीबीचे बॉनेट उघडून दिले, तर त्याला कुणाची ओळख करून द्यावी लागणार नाही.

आज ब्रिटनच्या रस्त्यांवर दिसणारी एमजीबी बहुधा एकदा तरी मरून उठलेली असते. मरणाचे कारण क्वचितच इंजिन असते; गाडी मरते ती गंजाने. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची हाडे, आणि त्या हाडांतली मुख्य म्हणजे दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पत्र्याच्या पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात. वरून रंग चकचकीत आणि आतून सिल खाकऱ्यासारखी, ही जाहिरात पाहून घेतलेल्या गाडीची नेहमीची अवस्था. उत्साहाच्या भरात दोन्ही सिल एकदम कापून काढणाऱ्या हौशी कारागिराची गाडी मधोमध खचते, आणि नवे पत्रे वेल्डिंग करून, घासून, रंगवून झाल्यावर दारे बंद होत नाहीत असे आढळते. कधी बंद होतात, पण मग उघडत नाहीत. म्हणून जाणकार आधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी सळई जोडून घेतात आणि मगच कटर हातात घेतात.

एवढे सव्यापसव्य नको असेल त्यांच्यासाठी १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडीच मिळू लागली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने कारखान्याचे मूळ साचे गोळा करून त्यांवर ती पुन्हा काढायला घेतली. मग जुन्या गाडीला नवी बॉडी बसवली की नव्या बॉडीला जुनी गाडी, असा प्रश्न उभा राहिला. तत्त्वज्ञांना यात चार पिढ्या पुरेल इतके काम होते, पण ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने तो गुणपत्रिकेवर निकालात काढला. पुष्कळ वर्षे अशी पद्धत होती की बॉडीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला एक. चौदांपैकी आठ मिळाले की गाडी पास, जुना नंबर कायम. बॉडी नवी कोरी असली तरी मूळ नमुन्याची असली की पाच गुण खिशात. ज्या इंजिनाच्या आवाजावर मालक चारचौघांत छाती फुगवतो त्याला एकच गुण. तोंडी परीक्षेतही याहून जास्त मिळतात.

खर्चाबाबत एवढेच नोंदवणे पुरे की घरात सांगितलेला आकडा आणि पावत्यांची बेरीज यांची गाठ मालकाच्या हयातीत सहसा पडत नाही.

खर्च मालकाचा असला तरी काम एकट्याने होत नाही. शनिवारी सकाळी गॅरेजचे शटर वर गेले की मित्र जमतात. त्यांतल्या एकाला खरोखर काम येते. बाकीचे टॉर्च धरतात. टॉर्च धरणारा काम करणाऱ्यापेक्षा नेहमी जास्त बोलतो आणि नेमका बोलताना टॉर्च भलतीकडे नेतो, हे सर्व देशांत सारखेच. हत्यारे ही मैत्रीची दुसरी कसोटी. एमजीबीचे नट-बोल्ट इंचांच्या मापाचे, त्यामुळे आजच्या घरातला मिलिमीटरचा पान्यांचा संच तिथे कुचकामी ठरतो: एक पाना सैल, दुसरा बसतच नाही, आणि तिसऱ्याने नटाचे कोपरे गोल होतात. तरी एमजीबीवाल्याने नशिबाचे आभार मानावेत. १९४५ मध्ये निघालेल्या एमजी टीसी या थोरल्या बहिणीच्या इंजिनात बोल्टचे आटे फ्रेंच पद्धतीचे, म्हणजे मेट्रिक, आणि डोकी मात्र ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. मूळ इंजिनाचा वंश फ्रेंच होता, आणि तो बदलण्यापेक्षा ब्रिटिश कामगाराच्या खिशातल्या पान्याला बसेल असे डोके वर लावणे स्वस्त पडले. दोन राष्ट्रांमधला इतका टिकाऊ करार इतिहासाच्या पुस्तकांत फारसा आढळत नाही.

सगळ्यांत नाजूक काम दोन कार्बोरेटरांचे. दोघांनी इंजिनाला सारखीच हवा पाजली पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते, खोकते आणि नको तिथे बंद पडते. यासाठी मीटर मिळतात, पण जुने जाणते ते वापरत नाहीत. ते हवेचे फिल्टर काढतात, दोन्ही कार्बोरेटरांना जोडणारी दांडी सैल करतात आणि हातभर रबरी नळी घेतात. नळीचे एक टोक कानाला, दुसरे पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. आतून 'स्स्स' असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. तिथला 'स्स्स' जरा वरच्या पट्टीत असला तर स्क्रू किंचित फिरवायचा आणि पुन्हा पहिल्याकडे यायचे. मैफलीआधी दोन तंबोरे जुळवावेत तसा हा प्रकार चालतो, आणि तो चालू असताना गॅरेजात कुणी बोललेले खपत नाही. दोन्ही आवाज एक झाले की कार्बोरेटरखालची छोटी पिन बोटाने वर उचलून पाहायची: इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी, आणि क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर मिश्रण बरोबर. या सगळ्यात घरच्यांपैकी एकाला चालकाच्या जागेवर बसवलेले असते. 'जरा दे', 'आता सोड', 'दे म्हटलं की दे' या आज्ञा पाळणे एवढेच त्याचे काम. चूक झाली तर ती त्याची असते.

गाडी रस्त्यावर आली की कुटुंबाचा प्रश्न उभा राहतो. आसने दोन आणि माणसे चार, हे गणित कारखान्यालाही सतावत होते. १९६५ मध्ये इटलीच्या पिनिनफारिना यांची कलाकुसर लाभलेली बंद टपाची एमजीबी जीटी आली आणि तिच्यात मागे एक गादी दिली गेली. तिला आसन म्हणणे हा विक्रेत्याचा शब्दसंपदेवरचा ताबा. तिच्यावर मूल बसू शकते, मात्र त्याचे पाय वाढू लागण्यापूर्वी. उघड्या गाडीत तीही सोय नाही. शिवाय ब्रिटनचा कायदा असा की ज्या जुन्या गाडीला मुळातच सीटबेल्ट नाहीत तिच्यात तीन वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही आणि त्यावरच्या मुलाने मागच्याच आसनावर बसायचे. मागचे आसन नसेल तर मुलाने घरी आजीजवळ बसायचे, असा त्याचा अर्थ निघतो.

परिणामी एमजीबीची कौटुंबिक सहल दोन गाड्यांची होते. पुढे एमजीबी, तिच्यात मालक आणि एक मानकरी. मागे घरची रोजची गाडी, तिच्यात उरलेले कुटुंब, खाण्याची टोपली, हत्यारांची पेटी, पाण्याचा कॅन, सर्वांचे कोट आणि कुत्रा. मानकरी कोण, यावर निघताना भांडण होते. ऊन असले तर सगळ्यांना पुढे बसायचे असते. आभाळ भरून आले की मागच्या गाडीतल्या हीटरची आणि गाण्यांची आठवण होऊन हीच मंडळी एकमेकांना मोठ्या मनाने पुढे बसण्याचा आग्रह करू लागतात.

पुढे बसण्याचे सुख काय, हे नीट सांगायला हवे. साठ मैलांच्या वेगाला उघड्या गाडीत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. वारा कानात घुसतो, रुमालाची गाठ सुटते, पाय हीटरजवळ भाजतात आणि कपाळ गारठते. एक जण काहीतरी ओरडतो, दुसरा मान डोलावतो, आणि कशाला होकार दिला हे दोघांपैकी कुणालाही माहीत नसते. तासभर अशा प्रवासानंतर उतरणारी जोडपी एकमेकांशी विलक्षण गोड वागताना दिसतात. यावरून संसाराविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा.

पाऊस आला की हूड लावायचे. सुरुवातीच्या एमजीबीत दोन प्रकारची हुडे मिळत. एक दुमडून आसनांमागे पडणारे. दुसरे सुटे, ज्याचा नळ्यांचा सांगाडा आणि कापड दोन्ही डिकीत ठेवलेली असत. दुसऱ्या प्रकारात गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, डिकीतले सामान बाहेर काढायचे, खालून नळ्या काढायच्या, त्या आसनांमागच्या भोकांत रोवायच्या, कापड पसरायचे, ते समोरच्या काचेच्या चौकटीत अडकवायचे आणि मग कडेची टिचबटणे एकेक करून दाबायची. थंडीत कापड आखडते आणि शेवटचे बटण कधीच पोचत नाही. एकाने ताणायचे आणि दुसऱ्याने दाबायचे, तेव्हा जमते. या काळात दोघे आणि डिकीतले सामान भिजून होते, आणि इंग्लंडमधला पाऊस बहुधा तेवढाच असतो. याला उपाय म्हणून आसनांवर सपाट पसरायचे एक आवरण मिळते, त्याला मधोमध चेन असते. चालकाच्या बाजूची अर्धी चेन उघडली की शेजारचे आसन कोरडे राहते आणि चालक एकटा भिजतो. त्या रिकाम्या, कोरड्या आसनाकडे बघत भिजणारा मालक ब्रिटनमध्ये अनेकांनी पाहिला आहे, आणि तोच सर्वांत समाधानी दिसतो.

आता बंद पडण्याविषयी. चावी फिरवल्यावर, स्टार्टर मारण्यापूर्वी, एमजीबीच्या मागच्या बाजूने टिक टिक टिक असा आवाज येतो. तो पेट्रोलच्या विजेच्या पंपाचा. कार्बोरेटर भरले की टिकटिक मंदावते आणि थांबते, मग स्टार्टर. एखाद्या दिवशी टिकटिक येतच नाही. अशा वेळी पंपातले संपर्कबिंदू चिकटलेले असतात. पंप गाडीच्या पोटाखाली, मागच्या उजव्या चाकाजवळ आहे, आणि त्यावरचा सर्वमान्य उपचार म्हणजे त्याला फटका मारणे. पान्याची मूठ चालते, चपलेची टाच चालते. हे काम चालकाला करता येत नाही, कारण त्याला चावी धरून टिकटिक ऐकायची असते. म्हणून लग्नाला निघालेली बायको, वीकएंडला आलेला साडू किंवा इंजिनाचा गंधही नसलेला बँकेतला मित्र रस्त्यावर गुडघे टेकून गाडीच्या बुडाखाली ठोसे मारताना दिसतो. टिकटिक सुरू झाली की टाळ्या पडतात. त्या दिवसापासून हा माणूस स्वतःला मेकॅनिक समजू लागतो आणि पुढची कित्येक वर्षे तो प्रसंग वाढवून सांगतो.

बॅटरीचा मामला याहून सार्वजनिक. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे, गालिच्याखाली, पत्र्याच्या झाकणाखाली ठेवलेल्या असत. वजन समतोल राहावे म्हणून ही जागा उत्तम; मात्र सामान ठेवायची जागाही तीच. त्यामुळे बॅटरी उतरली की आधी टोपली, मग थर्मास, गालिचा, छत्र्या आणि कोट असे सगळे रस्त्याच्या कडेला मांडावे लागते. बघणाऱ्यांना ही हौसेने निवडलेली सहलीची जागा वाटते. काही जण गाडी थांबवून चौकशी करतात, आणि थर्मास बाहेर आलेलाच असल्याने त्यांना चहा मिळतो.

चौकशी करणाऱ्यांचा एक ठराविक वर्ग आहे. पेट्रोल पंपावर, चर्चच्या दारात, सुपरमार्केटच्या वाहनतळावर एक अनोळखी गृहस्थ हळूहळू जवळ येतो, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि म्हणतो की आमच्या वडिलांकडे अशीच होती. ब्रिटनमध्ये या वाक्यावाचून एमजीबीची टाकी भरत नाही. बहुतेक गाड्या अमेरिकेला गेल्या हे ध्यानात घेतले, तर या सगळ्या वडिलांना पुरतील एवढ्या एमजीबी देशात उरल्या कशा, हे कोडेच आहे. वडिलांनी ती का विकली याचे उत्तरही ठरलेले: हा गृहस्थ जन्मला म्हणून. बोलणे तिथे जरा अडखळते. मालकाने अशा वेळी चावी पुढे करून क्षणभर आत बसायला सांगावे, हा या क्षेत्रातला अलिखित शिष्टाचार. आत शिरणे सोपे असते. बाहेर येताना गृहस्थाला आपले वय आणि गाडीची उंची यांचा एकदम अंदाज येतो, आणि मग दोघेतिघे मिळून त्याला काढतात.

सरकारही या गाडीवर प्रसन्न आहे. चाळीस वर्षांच्या पुढच्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ता कर माफ, आणि २०१८ पासून वार्षिक तांत्रिक तपासणीही माफ. लंडनच्या प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात जुन्या डिझेल मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. तिच्या पुढ्यात निळा धूर सोडत जाणारी पंचाहत्तर सालची एमजीबी 'ऐतिहासिक वाहन' म्हणून फुकट जाते. इतिहासाचा मान एवढ्या उघडपणे राखणारा कायदा विरळा, आणि मागच्या डिझेलवाल्याचा चेहरा तोवर पाहण्यासारखा होतो.

मंडळींना एकत्र आणायला संस्थाही भरपूर आहेत. एमजी कार क्लब १९३० चा, एमजी ओनर्स क्लब १९७३ चा. एप्रिलमध्ये देशभर 'ड्राइव्ह इट डे' साजरा होतो. १९०० साली याच महिन्यात निघालेल्या हजार मैलांच्या मोटार-चाचणी फेरीची ती आठवण. उन्हाळ्यात गावोगावच्या हिरवळीवर मेळावे भरतात. मेळावा म्हणजे गाड्या रांगेने उभ्या, बॉनेटे उघडी, आणि प्रत्येक गाडीमागे घडीच्या खुर्च्यांवर बसलेले तिचे कुटुंब. वेगासाठी बांधलेली गाडी दिवसभर जागची हलत नाही आणि हा तिच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस मानला जातो. मुले आइस्क्रीम खातात, बायका दुसऱ्यांच्या बायकांना भेटून आपले दुःख जगावेगळे नाही याची खातरजमा करतात, आणि पुरुष एकमेकांच्या इंजिनांत डोके घालून 'हं' म्हणतात. हा 'हं' कौतुकाचा आहे की तेल गळते आहे म्हणून, हे त्या गोटात मुरल्याशिवाय कळत नाही.

यात स्पर्धाही असतात. परीक्षक बॅटरीच्या तारेचा रंग, रेडिएटरच्या नळीवरची क्लिप आणि बोल्टच्या डोक्यावरची खूण तपासतो. स्पर्धेची गाडी टूथब्रशने घासलेली असते, तिच्या खाली आरसा ठेवलेला असतो, आणि ती पावसात काय उन्हातही फारशी निघत नाही. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ती इतकी स्वच्छ कधीच बाहेर पडली नव्हती, म्हणजे मूळ स्वरूपाचे बक्षीस मूळ स्वरूपात कधीच नसलेल्या गाडीला मिळते. अशा गाडीत मुलांना आइस्क्रीम घेऊन बसता येत नाही आणि कुत्र्याला तर जवळही फिरकता येत नाही, तेव्हा प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध नाही. हरवलेली क्लिप हवी असेल त्याने सप्टेंबरात इंग्लंडमधल्या ब्यूलीला जावे. १९६७ पासून तिथे जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. माणूस एक क्लिप घ्यायला जातो आणि एक दार, तीन हेडलाइट आणि भलत्याच गाडीचा गिअरबॉक्स घेऊन येतो, शिवाय क्लिप राहून जाते.

या मेळाव्यांत एका विषयाला हात न घालणे शहाणपणाचे. १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी आणली. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांचा अभ्यास करून जपान्यांनी त्यांतली मजा तेवढी घेतली, अगदी एक्झॉस्टचा सूरही घासून जुळवला, आणि गळती, गंज व बंद पडणे वगळले. गाडी दहा लाखांवर खपली. तिचे हूड चालकाला जागेवर बसून एका हाताने मागे टाकता येते. एमजीबीवाल्यांचे म्हणणे असे की मग शेजारी बसलेल्याने करायचे काय?

भारतातही जुन्या एमजी आहेत; मुंबई-पुण्याच्या रॅल्यांत टीसीसारखी लांब नाकाची गाडी दिसली की फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. मात्र इथे मौज नियमात बसवावी लागते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, फारसा फेरफार न झालेल्या गाडीला 'विंटेज' म्हणून नोंदवता येते; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही खूण. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणे आणि देखभाल ही कारणे चालतात. मुलाबाळांना घेऊन लोणावळ्याला भजी खायला जाणे यादीत नाही. परंतु देखभाल आहे, आणि जुन्या एमजीच्या बाबतीत घर ते लोणावळा हा सगळा प्रवासच देखभालीचा होऊन बसण्याची शक्यता दांडगी असल्याने खोटे बोलावे लागेलच असे नाही. दरम्यान एमजी हे नाव चिनी मालकीत गेले आणि २०१९ पासून गुजरातेत हलोलला एमजीच्या अष्टकोनी बिल्ल्याच्या एसयूव्ही तयार होऊ लागल्या. त्यामुळे पुण्यातल्या कुणी 'आमच्याकडेही एमजी आहे' असे म्हटले, तर ब्रिटनमधल्या भाच्याने लगेच तेलाचा विषय काढू नये.

ब्रिटनमध्ये थंडीने रस्ते गोठू लागले की त्यांवर मीठ टाकतात, आणि मीठ म्हणजे सिलांचा काळ. तेव्हा गाडी गॅरेजात जाते, चादर ओढून वसंतापर्यंत झोपते. मधूनच एखाद्या रविवारी मालक खाली जाऊन चालकाच्या जागेवर नुसता बसून येतो. घरातले त्यावर बोलत नाहीत.

राहता राहिला वारसाचा प्रश्न. जीटीच्या मागच्या गादीवर वाढलेल्या मुलाची गाडीवर माया असते, पण क्लासिक गाड्यांच्या विम्यात पंचवीस वर्षांखालचा चालक बहुधा बसत नाही. पंचविशी येईतो त्याने आपली इलेक्ट्रिक गाडी घेतलेली असते आणि वाहन परवान्याची परीक्षाही ऑटोमॅटिक गाडीवरच दिलेली असते. ब्रिटनच्या कायद्यानुसार अशा परवान्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. त्यासाठी पुन्हा 'एल'ची पाटी लावून क्लचपासून शिकावे लागते, आणि शेजारच्या आसनावर बसून शिकवायला बापाव्यतिरिक्त कुणीही तयार नसते.